जाऊ दिलेली

सकाळी पावणेआठच्या बसमध्ये केलेराच्या पर्सचा पट्टा मागून कुणीतरी ओढला. तिने वळून पाहिलं. मागच्या बाकावर एक दीडेक वर्षाची मुलगी आजीच्या मांडीवर बसली होती आणि तिने पट्ट्याचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. आजी ओशाळली, मुलीची बोटं एकेक करून सोडवायला लागली. तेवढ्यात शेजारी बसलेली मुलीची आई खिडकीबाहेर बघता बघताच म्हणाली, "लाइवा." असू दे. धरू दे. आजीने हात मागे घेतला. केलेरानेही पट्टा सोडवून घेतला नाही. पट्टा तसाच ताणलेला राहिला, बस सुव्याच्या बाजाराकडे उताराला लागली, आणि केलेरा त्या मुठीकडे बघतच राहिली. पट्टा धरायची परवानगी मुलीला तिच्या आईने दिली नव्हती. पर्स तिची नव्हतीच. आजीने दिली नव्हती. खुद्द केलेरानेही दिली नव्हती. कुणीच दिली नव्हती, आणि तरी पट्टा मुलीच्या मुठीत होता. हाच शब्द. काल दुपारी हाच शब्द तिने कोर्टात उच्चारला होता आणि त्याचं इंग्रजी करताना भलतंच काहीतरी करून बसली होती.

बावीस वर्षं ती फिजीच्या राजधानीत, सुव्यात, कोर्टात दुभाषी होती. फिजीयन बोलणाऱ्याचं इंग्रजी करायचं, मॅजिस्ट्रेटच्या इंग्रजीचं फिजीयन करायचं. लोक तिच्या तोंडाकडे बघत बोलायचे आणि तरी ती तिथे नसल्यासारखंच वागायचे, आणि तिला ते बरं वाटायचं. काल दुपारी साकिउसा नावाचा पासष्टीचा होडीवाला पिंजऱ्यात उभा होता. आठ माणसांचं लायसन्स असलेल्या त्याच्या होडीत बारा माणसं चढली, प्रवाळाच्या कडेशी लाट आत आली, होडी कलंडली. मेलं कुणी नाही, पण विलिमाइना नावाच्या एका शिक्षिकेचा खांदा मोडला आणि तिला अकरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. आरोप असा, की साकिउसाने बारा जणांना होडीत चढायला परवानगी दिली. कायद्याच्या इंग्रजीत परमिट केलं. आरोप इंग्रजीत वाचला गेला आणि केलेरा म्हाताऱ्याकडे वळली. तो घाबरलेला होता. इस्त्रीचा शर्ट कुणाकडून तरी मागून आणलेला असावा, बाह्या मनगटाखाली येत होत्या. परवानगीला फिजीयनमध्ये वाकातारा म्हणतात. शब्द ताठ आहे, सरकारी कागदावर असतो, चर्चच्या बैठकीत असतो. तिला वाटलं, याच्या अंगावर आणखी एक ताठ शब्द कशाला घाला. म्हणून तिने घरातला शब्द घेतला. "मोमो," ती म्हणाली, कारण त्या वयाच्या माणसाला मामाच म्हणायचं असतं, "तुम्ही बारा माणसांना होडीत चढू दिलंत, हे खरं आहे का?" म्हाताऱ्याने थोडा विचार केला. होय, चढू दिलं, तो म्हणाला, लाइवा केलं. आणि केलेराने बेंचकडे वळून स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, होय, मी त्यांना परमिट केलं. मॅजिस्ट्रेटने मान खाली घालून लिहिलं: गुन्हा कबूल. शिक्षा उद्या दहा वाजता. एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकत होती.

बस स्टँडवर थांबली. मुलीने पट्टा आपणहून सोडला. केलेरा उतरली आणि दालोच्या, म्हणजे अळूच्या, गड्ड्यांच्या राशींमधून, ओल्या शेवाळाच्या आणि पेट्रोलच्या वासातून चालायला लागली, पण पाय कुठे पडतायत याचं तिला भान नव्हतं. ती मायेपोटी केलेली चूक होती हे तिला कळत होतं, आणि त्यामुळेच ती जास्त लागत होती. निष्काळजीपणा असता तर स्वतःला चार शब्द सुनावता आले असते. तिच्या डोक्यात मिस पेनवर्डनचा आवाज सुरू झाला. न्यूझीलंडहून आलेल्या त्या किडकिडीत बाईंनी तिला सुव्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. बाईंनी फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले होते: लेट, अलाऊ, परमिट. अर्थ एकच दिसतो, त्या म्हणायच्या, पण कपडे वेगळे आहेत. लेट घरातल्या कपड्यांत असतो, अलाऊ शाळेच्या गणवेशात, परमिटला टोपी आणि पितळी बटणं. आई पोहायला लेट करते, शिक्षिका खिडकीशी बसायला अलाऊ करते, आणि बंदरावरचा अधिकारी गलबत आत आणायला परमिट करतो. मुली हसल्या होत्या. मग बाईंनी दुसरी गंमत दाखवली. अलाऊ आणि परमिट उलटवता येतात. मला मुभा दिली गेली, मला परवानगी दिली गेली, हे इंग्रजीत सरळ म्हणता येतं. लेट तसा उलटत नाही. मला जाऊ दिलं गेलं, असं कुणाला म्हणायचं असेल तर इंग्रजीत त्याला दुसऱ्या शब्दाच्या दारात जावं लागतं. आय वॉज लेट गो म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंनी मिश्कीलपणे सांगितलं, की बिचारीला नोकरीवरून काढून टाकलंय. वर्ग पुन्हा हसला होता. केलेरा हसली नव्हती, हे आता बाजाराच्या कडेने चालताना तिला आठवलं. तिने ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. का मारल्या होत्या, ते तेव्हा तिला ठाऊक होतं. नंतर ती विसरली, किंवा विसरल्यासारखी राहिली.

कोर्टाच्या व्हरांड्यात रामरती खटल्यांची यादी लावत होती. रामरती कोर्टाची कारकून. ती आणि केलेरा एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. दुपारचा डबा एकत्र, रामरतीच्या रोट्या आणि केलेराचा उकडलेला कसावा कंद, आणि एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवणंही एकत्र, दोघींचे नवरे देवाघरी गेल्यावरसुद्धा. केलेराने तिला सगळं सांगितलं. रामरतीने तोंडातली पिन काढून फळ्यात टोचली. मग तिने आवाज खाली आणला. म्हाताऱ्याने कबूल केलंय, ती म्हणाली, मॅजिस्ट्रेट फार तर तीन महिने देतील, वय बघून तेही नाही. हा गाजावाजा करून कुणाचं काय भलं होणार? आणि खरी गोष्ट तिने शेवटी सांगितली.

"तू आज एक चूक सांगशील. उद्या बावीस वर्षांतले सगळे वकील विचारतील, आमच्या खटल्यात हिने काय केलं होतं. मग काय सांगशील? तेव्हा बरोबर होते म्हणून?"

केलेराने पर्स खांद्यावर सरकवली. ती दुभाषांच्या बाकावर जाऊन बसली. साकिउसाचा खटला यादीत चौथा होता. त्याच्याआधी एक चोरीचा आणि दोन मारामारीचे. त्यांत तिला काम नव्हतं, हिंदी बोलणारा दुभाषी उभा होता. पंखा फिरत होता. विलिमाइना मागच्या रांगेत बसली होती, हात अजून गळ्यातल्या झोळीत, आणि तिला बघून केलेराला नव्याने भीती वाटली. त्या मोडलेल्या खांद्याचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा होता. शब्दाच्या एका टोकाला म्हातारा होता तसा दुसऱ्या टोकाला हा खांदा होता. आणि आपण गप्प बसलो तर? हा विचार आला तसा तिला जरा आरामही वाटला, आणि त्या आरामाची तिला किळस आली. गप्प बसणाऱ्या बाईवर तिचा फार जुना राग होता. ती बाई तिची आई होती.

कादावू बेटावरच्या त्यांच्या घरी केलेरा सोळा वर्षांची असताना सुव्याच्या शाळेत प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं होतं. सुव्यात राहणाऱ्या मावशीने बोटीचं तिकीटही पाठवलं होतं. वडिलांना ती ता म्हणायची. ता चर्चमध्ये प्रवचन करायचे, त्यांचा शब्द गावात जड होता. रविवारी प्रार्थना संपल्यावर गावच्या सरदारांनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, तुमची मुलगी जाणार म्हणे? आणि ता उभे राहून म्हणाले, माझी मुलगी सुव्याला जाणार नाही, मी वाकातारा करत नाही. तो ताठ शब्द तिने त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःविषयी ऐकला. गुरुवारी बोट येणार होती. गुरुवारी सकाळी ता घरात नव्हते, मळ्यात गेले होते. आई दारातच पाय पसरून चटई विणत बसली होती, केवड्याच्या पात्यांचा ढीग मांडीवर. केलेरा पत्र्याची पेटी घेऊन आतून आली. आई काहीच बोलली नाही. अडवलं नाही, जा म्हटलं नाही, वर पाहिलंसुद्धा नाही. तिने फक्त विणलेल्या चटईची कड हाताने उचलून धरली, पेटी जाईल एवढी वाट झाली, आणि केलेरा गेल्यावर कड पुन्हा खाली टाकली. पात्यांचा सळसळ आवाज झाला. एवढाच निरोप. धक्क्यावर पोचेपर्यंत केलेराला वाटत होतं आता कुणीतरी धावत येईल, एकतर ओढून परत न्यायला, नाहीतर मिठी मारायला. कुणी आलं नाही. पुढे शाळा झाली, नोकरी झाली, लग्न झालं, ती ख्रिसमसला कापड पाठवायची, तीन-चार वर्षांतून एकदा गावी जायची, पण आईशी ती कायम मोजूनमापून बोलायची. आई माझ्यासाठी एक शब्द बोलली नाही. नऊ वर्षांपूर्वी ता गेले तेव्हा ती बायकांमध्ये बसली, सगळे विधी केले, आणि रडली नाही. ज्याने परवानगी दिली नाही त्याच्यासाठी काय रडायचं, असं काहीसं तिच्या मनात होतं, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता पंख्याखाली बसून तिला ती चटईची कड दिसत होती. कितीतरी वर्षं दिसत आलेलीच, पण आज ती हातासकट दिसली. आईचा हात. कड त्याने किती वेळ धरून ठेवली होती, हे तिला आठवेना. आठवावं म्हणून तिने डोळे मिटले. आईला परवानगी देता येत नव्हती. ती देण्याची जागा तिची नव्हतीच; ती जागा ताची, सरदारांची, चर्चची. तिच्या हातात जेवढं होतं तेवढंच तिने केलं होतं, आणि त्यानंतर त्या घरात, त्या गावात, ज्या माणसाने सर्वांसमोर नाही म्हटलं होतं त्याच्याशेजारी तिला राहायचं होतं. नाही म्हणता येणाऱ्या माणसाचं हो सोपं असतं. तिची आई आणि तो शर्ट मागून आणलेला म्हातारा, दोघंही तिथे बसली होती जिथून नाही म्हणता येत नाही. तिने डोळे उघडले आणि तेवढ्यात साकिउसाचं नाव पुकारलं गेलं.

ती उभी राहिली. दुभाषाने स्वतःहून बोलायची पद्धत नाही. मॅजिस्ट्रेट अरुमुगम चष्म्यावरून तिच्याकडे बघत थांबले; कमी बोलणारे, कायम घसा धरलेले गृहस्थ, बारा वर्षं ती त्यांच्यासमोर उभी राहत होती आणि बारा वर्षांत त्यांनी तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. तिने इंग्रजीत सांगितलं, की काल मी आरोपीला प्रश्न विचारताना चुकीचा शब्द वापरला. त्याने ज्याला होय म्हटलं तो आरोप नव्हता. तिला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीतून आल्यासारखा वाटला. सरकारी बाजूचे सार्जंट नेमानी लगेच उठले. लेट काय, अलाऊ काय, परमिट काय, ते म्हणाले, बारा माणसं होडीत होती, हे काही शब्दकोशाने बदलत नाही. लोक हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. फरक काय आहे ते कोर्टाला समजावून सांगा, ते म्हणाले.

केलेराने सुरुवात केली आणि अडखळली. मिस पेनवर्डनची पितळी बटणं तिच्या जिभेवर आली होती, ती तिने गिळली. मग ती शांतपणे म्हणाली, "साहेब, परमिट करणाऱ्याला नाही म्हणता येतं. आम्ही ज्याला लाइवा म्हणतो, ते करणाऱ्याला नाही म्हणता येत असेल किंवा नसेलही. तो फक्त आडवा येत नाही. मी आरोपीला विचारलं, तुम्ही आडवे आला नाहीत ना? त्याने होय म्हटलं. आणि मी तुम्हाला सांगितलं, की त्याने परवानगी दिली."

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. आता योग्य शब्द घेऊन आरोपीला पुन्हा विचारा, ते म्हणाले. तिने विचारलं, या वेळी वाकातारा म्हणाली. साकिउसाने तो शब्द ऐकला आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं, जणू त्याला कुणी सरदारच म्हटलं होतं. नाही नाही, तो म्हणाला, मी कोण वाकातारा करणारा? आणि मग तो बोलत राहिला, ती वाक्यामागून वाक्य इंग्रजीत ठेवत राहिली. होडीत आठ माणसं बसली होती. तेवढ्यात आमच्या गावच्या सरदारांचे थोरले भाऊ आणखी तिघांना घेऊन आले, पलीकडच्या गावात लग्न होतं, चटया होत्या, एक डुक्कर होतं. ते चढले. ज्यांच्यासमोर मी आयुष्यभर खाली बसलो त्यांना मी उतरा म्हणणार? मी इंजिनाशी बसलो आणि इंजिनाकडे बघत राहिलो. सार्जंट नेमानींनी विचारलं, निदान डुक्कर तरी का नाही उतरवलंत? साकिउसाने तो प्रश्न गंभीरपणे घेतला. "डुक्कर सरदारांचं होतं, साहेब," तो म्हणाला. केलेराने तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, आणि या वेळी मॅजिस्ट्रेटनाही ओठ दाबून धरावे लागले. पण म्हातारा पुढे बोलला, मागे वळून झोळीतल्या हाताकडे बघत. बाईंचा खांदा माझ्या होडीत मोडला. ते माझंच आहे. तेवढं लिहून घ्या. केलेराने ते सांगताना विलिमाइनाकडे पाहिलं नाही.

मॅजिस्ट्रेटनी कबुलीजबाब खोडला, गुन्हा नाकबूल असं लिहिलं, खटला चालवायची तारीख दिली आणि त्या दिवशी दुसरा दुभाषी नेमायला सांगितलं. मग ते केलेराकडे वळले. तिने पर्सचा पट्टा दोन्ही हातांत धरला. बावीस वर्षं आता संपणार, अशी तिची खात्री होती. त्यांनी घसा साफ केला.

"दुभाषी बाईंनी आपली चूक आपणहून कोर्टाच्या नजरेला आणली, अशी नोंद करा," ते कारकुनाला म्हणाले. "आणि कोर्ट त्यांचं आभारी आहे, हेही लिहा. शब्द गाळू नका."

रामरतीने लिहिलं. लिहिताना तिने मान वर केली नाही, पण दुपारी डबा उघडल्यावर तिने आपल्या वाट्याची चटणीसुद्धा केलेराच्या ताटात वाढली आणि म्हणाली, जुन्या फायली मागवल्या तर आपण दोघी मिळून बघू, तुझं अक्षर मला वाचता येतं. त्या क्षणी केलेराला मॅजिस्ट्रेटच्या आभारांपेक्षा ते मोठं वाटलं. पुढे खरंच दोन वकिलांनी जुन्या खटल्यांची चौकशी केली. दोघींनी मिळून फायली काढल्या, तासन्‌तास वाचल्या. एका ठिकाणी तिची एक लहानशी चूक सापडली, तीही तिने लिहून दिली. नोकरी राहिली. झोप पूर्वीपेक्षा बरी लागायला लागली, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

साकिउसाचा निकाल दोन महिन्यांनी लागला. होडीत किती माणसं असावीत हे बघणं होडीवाल्याचंच काम आहे, मॅजिस्ट्रेटनी लिहिलं, आणि ते त्याने केलं नाही. पण त्याने परवानगी दिली हे सिद्ध झालं नाही. कैद नाही. लायसन्स सहा महिने बंद, आणि सरदारांच्या भावालाही कोर्टात बोलावून समज दिली गेली. केलेरा त्या दिवशी मागच्या रांगेत नुसती ऐकणारी म्हणून बसली होती, विलिमाइनाच्या शेजारी. निकाल ऐकून विलिमाइना म्हणाली, मला एवढंच हवं होतं, कुणीतरी खरं काय ते म्हणावं. व्हरांड्यात साकिउसा केलेराला गाठायला आला. त्याने दोन्ही हातांनी तिचा हात धरला, शर्ट या वेळी त्याच्याच मापाचा होता. सहा महिने बरे, पोरी, तो म्हणाला, तेवढ्यात मोठी माणसं दुसऱ्याच्या होडीत चढायला शिकतील. तिने हसून त्याला सांगितलं, की मोमो, खरं तर मीच तुमचे आभार मानायला हवेत. कशाबद्दल, ते त्याने विचारलं नाही. तिलाही ते अजून कुणाला सांगायचं नव्हतं, एका माणसाखेरीज.

त्या आठवड्यात ती कादावूच्या बोटीत बसली. आई आता ब्याऐंशी वर्षांची होती, भावाच्या घरी राहत होती, कानाने जरा कमी, डोळे मात्र तल्लख. केलेराने आणलेल्या चहासाखरेच्या पिशव्या तिने तपासल्या, साखर जास्त आणल्याबद्दल कुरकुर केली, लिंबाच्या पानांचा चहा उकळायला ठेवला. दोघी दारात बसल्या. केलेराने बोटीत बसून वाक्य तयार करून आणलं होतं, पण तोंडातून ते तुटक बाहेर पडलं. त्या गुरुवारी, ती म्हणाली, मी पेटी घेऊन निघाले तेव्हा तू चटईची कड उचललीस. मी तेहतीस वर्षं समजत होते की तू माझ्यासाठी काहीच केलं नाहीस. मला आता कळलंय. विनाका, आई. फार मोठं होतं ते.

आईने चहाचा पेला तिच्या हातात दिला. मग म्हणाली, हे ऐकायला बरं वाटतंय, पण सगळे आभार माझेच मानू नकोस. आणि मग पाण्याला काय चव लागते ते सांगावं तशा आवाजात तिने सांगितलं, की बुधवारी संध्याकाळी जेवताना तुझे वडील मला म्हणाले, उद्या मी वरच्या मळ्यात जातो. बोट जाईपर्यंत येणार नाही. तू दारात बस, म्हणजे शेजारच्या कुणी आत येऊन मुलीला अडवायला नको. एवढंच म्हणाले, आणि जेवत राहिले.

केलेराच्या हातातला पेला तिरका झाला, गरम चहा मनगटावर सांडला. तिने तो पुसलाही नाही.

"ता म्हणाले?"

"मग काय मी म्हणाले? गुरुवारी, बोटीच्या दिवशी, कधी कुणी वरच्या मळ्यात जातं का? तिथे तेव्हा नुसतं गवत होतं."

"मग त्यांनी मला का नाही सांगितलं? तेव्हा नाही तर नंतर. इतकी वर्षं होती."

आईने झग्याच्या टोकाने तिचं मनगट पुसलं. "सांगितलं असतं तर ती परवानगी झाली असती," ती म्हणाली. "आणि परवानगी देणार नाही, असं ते देवाच्या घरात उभे राहून बोलले होते."

गल्लीतून कोंबड्या जात होत्या, चर्चमागे कुणीतरी लाकडं फोडत होतं. केलेराला ताचा हात आठवला, जेवताना डाळीच्या वाटीत कसावा बुडवणारा, जाड, नखांत माती असलेला. नऊ वर्षांपूर्वी ती त्यांच्या मृत शरीराजवळ कोरड्या डोळ्यांनी बसली होती. आता डोळे भरून आले आणि तिने ते येऊ दिले. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, वरचा मळा अजून आहे का?

"आहे की. तुझा भाऊ दालो लावतो तिथे. पण चढ उभा आहे, तुझ्या त्या शहरातल्या चपला चालायच्या नाहीत."

"मी अनवाणी जाईन."

"जा," आई म्हणाली. "मी कुठे अडवलंय?"

पाऊण तास लागला चढायला. दोनदा ती थांबली, एकदा घसरून गुडघ्यावर पडली. वर आली तेव्हा वारा मोकळा होता आणि दालोची पानं एकमेकांवर आपटत होती. मळ्याच्या कडेला एक सपाट दगड होता. ती त्यावर टेकली आणि खाली पाहिलं. खाडी दिसत होती, प्रवाळाची पांढरी रेघ दिसत होती, आणि धक्का इतका स्पष्ट दिसत होता की त्यावर जाळी वाळत घालणारी बाई भावाची बायको आहे हे तिला तिच्या चालण्यावरून ओळखू आलं. त्या गुरुवारी बोट उशिरा आली होती. केलेरा त्या धक्क्यावर जवळजवळ तासभर उभी होती, पेटीवर हात ठेवून, समुद्राकडे तोंड करून, कुणीतरी धावत येईल म्हणून गावातल्या रस्त्याकडे अधूनमधून बघत. डोंगराकडे तिची पाठ होती. त्या तासाभरात तिने एकदाही मान वर करून या मळ्याकडे पाहिलं नव्हतं.

"विनाका, ता," ती मोठ्याने म्हणाली. वाऱ्यात ते फार दूर गेलं नसावं. मग ती उठली, निघताना भावाने सांगितल्याप्रमाणे दालोचे चार गड्डे उपटले, माती झटकली, आणि रात्रीच्या जेवणासाठी ते घेऊन हळूहळू उतरायला लागली.